साखर स्वस्त, पत्रक मस्त!

पेपर उचलला की त्यातून सटकून थेट पायावर पडणारा तो गुळगुळीत कागद अजून बंद कसा झाला नाही, असा प्रश्न दहा मिनिटांत घरपोच कोथिंबीर मागवणाऱ्या पिढीला पडणं साहजिक आहे. लाल-पिवळा भडक रंग, तूरडाळीचा ढीग, तेलाचा पाच लिटरचा कॅन, वर ठसठशीत 'फक्त 3 दिवस' आणि खाली मुंगीच्या अक्षरांत 'साठा असेपर्यंत'. पत्रक मेलंय म्हणावं, तर दिवाळीच्या आधीच्या रविवारी पेपरापेक्षा पत्रकांचंच वजन जास्त भरतं. तर किराण्याच्या या पत्रकांच्या काही गमतीच्या आणि काही खवचट गोष्टी. आधीच सांगून टाकतो, मी पत्रकाच्या बाजूचा आहे. का, ते ओघात येईलच.

पहाटे चारचं गणित

पुण्या-मुंबईत पेपरचे गठ्ठे पहाटे चारच्या सुमारास उतरतात. फुटपाथवर बसून विक्रेत्यांची पोरं पुरवण्या घालतात आणि त्याच हाताने पत्रकंही सरकवतात. दुकानदार गठ्ठा आणून देतो, दर पत्रकामागे काही पैसे ठरतात आणि कुठल्या गल्लीत घालायचं, कुठल्या सोसायटीत नाही, हे विक्रेत्याला तोंडपाठ असतं. मोबाइल कंपन्या तुमचं लोकेशन मिळवण्यासाठी काय काय करतात! हा गडी ओटीपी न मागता तेच काम सायकलवरून उरकतो.

कागदाबद्दल एक तक्रार मात्र आहे. हल्लीच्या चकचकीत पत्रकावर बॉलपेन उठत नाही, त्यामुळे पाठीमागे दुधाचा हिशेब लिहिता येत नाही. भज्यांचं तेलही तो शोषत नाही. फडताळात डब्यांखाली अंथरायला तेवढा झकास.

पहिल्या पानावर साखरच का?

कारण साखरेचा भाव सगळ्यांना पाठ असतो. जिऱ्याचा, हिंगाचा किंवा भांडी घासायच्या साबणाचा भाव चटकन सांगा बरं! नाही ना आठवत? म्हणूनच पत्रकात साखर, तेल, तूरडाळ ठळक. यांवर दुकानदार नफा सोडतो, कधी खिशातले घालतो, आणि बाकीच्या टोपलीत सगळं वसूल करतो. 'एका ग्राहकास फक्त 2 किलो' ही ओळ त्यासाठीच. नाहीतर शेजारचा वाणीच पोती भरून नेईल आणि चढ्या भावात आपल्या दुकानात विकेल!

मागणी शिगेला पोचली की भाव चढतो, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा. अमेरिकेतली टर्की तो शिकलेली नाही. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगला घरोघरी टर्की लागते आणि नेमकी त्याच्या आधीच्या आठवड्यांत ती पत्रकांवर कवडीमोलाने झळकते. टर्की घ्यायला आलेला माणूस बटाटे, लोणी, क्रॅनबेरी आणि भोपळ्याचा 'पम्पकिन पाय' घेतल्याशिवाय बाहेर पडत नाही, हे दुकानदाराला पक्कं ठाऊक.

चारी गणितं जुळवलेला माणूस

या सगळ्या कारभाराचा पाया घातला मायकेल कलन नावाच्या माणसाने. क्रोगर या अमेरिकन किराणा साखळीत नोकरीला असताना त्याने वरिष्ठांना एक पत्र पाठवलं. त्याची योजना अशी: 300 वस्तू खरेदीच्या भावात विकायच्या, 200 वस्तूंवर फक्त 5 टक्के चढवायचे, 300 वस्तूंवर 15 आणि उरलेल्या 300 वस्तूंवर 20 टक्के. पहिल्या तीनशेंची जाहिरात अशी करायची की लोकांनी दारं मोडून आत यावं. वरिष्ठांनी दाद दिली नाही. कलन नोकरी सोडून न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात गेला, एक रिकामं गॅरेज भाड्याने घेतलं आणि ऑगस्ट 1930 मध्ये 'किंग कलन' नावाचं दुकान उघडलं. महामंदीचा काळ, हातात पैसा नाही. वर्तमानपत्रात पानभर जाहिराती देऊन तो स्वतःला जगातला सर्वांत मोठा भावफोड्या म्हणवून घेत होता. मैलोगणती लांबून लोक आले. आज आपल्या हातात पडणारं पत्रक त्याच हिशेबावर चालतं: पहिल्या पानावर त्या तीनशेंपैकी दहा-बारा वस्तू आणि दुकानात शिरलं की बाकीच्या आठशे.

कुपनाचं श्रेय मात्र शीतपेयाला जातं. कोका-कोलाने 1880 च्या दशकाच्या शेवटी अटलांटात एक ग्लास फुकट मिळण्याच्या चिठ्ठ्या वाटल्या. 1913 पर्यंत अशा 85 लाख फुकट ग्लासांचा अंदाज सांगितला जातो. पाच सेंटचं पेय फुकट पाजून लावलेली चटक पुढे किती पिढ्यांना पुरली, ते पाहतोच आहोत.

पत्रक फारच जमलं तर?

तर पोलीस येतात. जानेवारी 2018 मध्ये फ्रान्सच्या 'इंटरमार्शे'ने न्युटेलाच्या 950 ग्रॅमच्या बरणीवर 70 टक्के सूट जाहीर केली, साडेचार युरोंची बरणी दीड युरोच्या आत. एरवी तास तास चवीने जेवणारी फ्रेंच मंडळी बरणीसाठी एकमेकांच्या अंगावर धावून गेली, केस ओढले, त्याचे व्हिडिओ जगभर फिरले. त्याच सुमारास शेतकऱ्यांना रास्त भाव मिळावा यासाठी तिथे कायद्याची तयारी सुरू होती आणि 2019 पासून खाद्यपदार्थांवर 34 टक्क्यांहून जास्त सूट द्यायला बंदी आली. एकावर एक फ्री म्हणजे 50 टक्के, ते बाद. दोनावर एक फ्री म्हणजे 33.33 टक्के, ते चालतं! 34 हा आकडा कुठून आला, हे आता वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे न्युटेलाच्या झुंबडीच्या बारा वर्षं आधीच असं होऊन गेलं होतं. 26 जानेवारी 2006 ला बिग बझारने 'सबसे सस्ता दिन' जाहीर केला. सुट्टीचा दिवस, घरात बसलेली माणसं आणि पेपरात पानभर भाव. एवढी झुंबड उडाली की काही ठिकाणी शटर ओढावी लागली, पोलीस बोलवावे लागले. पुढे याच बिग बझारने जुनं घेऊन नवं देण्याची योजना काढली: घरातली रद्दी, जुने कपडे, भंगार द्या आणि खरेदीची कुपनं घ्या. आधी पत्रक घरात टाकायचं आणि मग तेच रद्दीच्या भावाने परत घ्यायचं, या धंद्याला दाद द्यायला हवी. 2022 मध्ये ती दुकानं रिलायन्सकडे गेली.

ज्याला पत्रक लागत नाही

2002 मध्ये पवईत पहिलं दुकान उघडणाऱ्या डी-मार्टने उलटा रस्ता धरला. एका दिवसाचा धमाका नाही, रोजच कमी भाव. जाहिरातीवर खर्चही बेताचा, तोंडी प्रसिद्धीवर भिस्त. रविवारी संध्याकाळी तिथल्या बिलाच्या रांगेत उभं राहून बघा, पत्रकावाचून त्यांचं काही अडलेलं दिसत नाही.

शिवाय आपल्याकडे प्रत्येक पाकीट हे स्वतःच एक पत्रक असतं. एमआरपी छापणं कायद्याने सक्तीचं. त्यामुळे भारतातलं पत्रक भांडतं ते छापील किमतीशी: खोडलेला मोठा आकडा, शेजारी लाल छोटा आकडा. अमेरिकेत पाकिटावर असा आकडाच नाही, तिथे कालचा भाव काय होता हे दुकानदार सांगेल ते खरं. सुटा कांदा मात्र दोन्हीकडे बेभरवशाचा. पत्रक छापायला आठवडाभर आधी जातं आणि आठवड्यात कांदा कुणाला रडवेल याची खात्री लासलगावही देत नाही. कांद्याचा भाव छापणारा दुकानदार दिसला तर त्याच्या हिमतीला सलाम करा.

मुंबई ग्राहक पंचायतीचा मासला आणखी वेगळा. 1975 पासून शेजारीपाजारी मिळून संघ करतात, दर महिन्याला छापील फॉर्म भरतात आणि घाऊक खरेदीचं सामान वाटून घेतात. तिथे कागद ग्राहकाकडून दुकानाकडे जातो.

जर्मन हिशेब

पत्रकाच्या मरणाची सर्वांत मोठी बातमी जर्मनीतून आली. 'रेवे' या साखळीने 1 जुलै 2023 पासून छापील पत्रक बंद केलं. तोवर दर आठवड्याला सुमारे अडीच कोटी पत्रकं जात. वर्षाला 73 हजार टनांहून जास्त कागद वाचेल, असं कंपनीने सांगितलं. पर्यावरणवाले खूश, आणि आल्डी-लिडल त्याहून खूश असावेत, कारण त्यांनी आपली पत्रकं चालूच ठेवली. प्रतिस्पर्ध्याने मैदान सोडल्यावर कोण कशाला घाई करेल?

आल्डीची एक गोष्ट तर युरोपच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. पत्रकात केळ्यांवर 23 टक्के सूट: 1.69 चा भाव खोडून 1.29 युरो. आता बारीक अक्षरं वाचा: गेल्या 30 दिवसांतला सर्वांत कमी भाव, 1.29! म्हणजे भाव आधी चढवला, मग उतरवला. सप्टेंबर 2024 मध्ये न्यायालयाने ठणकावलं की सुटीचा टक्का काढायचा तो तीस दिवसांतल्या सर्वांत कमी भावावरूनच. आपल्याकडच्या महासेलांना हा नियम लावला तर किती टक्के उरतील, याचा विचारही करवत नाही.

कागद नको असणाऱ्यांसाठी अॅमस्टरडॅमने 2018 मध्ये सोपा नियम केला: दारावर 'हो' असं स्टिकर असेल तरच पत्रक टाकायचं. कॅनडातल्या माँट्रियलने 2023 मध्ये तसंच केलं. न मागता कागद माथी मारायचा नाही, हे मलाही पटतं. त्याच कॅनडात काही साखळ्यांमध्ये दुसऱ्या दुकानाचं पत्रक काउंटरवर दाखवलं की तोच भाव लावून मिळतो. घासाघीस करायला लाजणाऱ्या माणसाला याहून सोयीचं काय!

अंड्यांचा भाव किती? तुम्ही कोण, त्यावर

आता येतो माझ्या पक्षपाताचा मुद्दा. डिसेंबर 2025 मध्ये अमेरिकेत 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने इन्स्टाकार्ट अॅपची तपासणी प्रसिद्ध केली. वॉशिंग्टनमधल्या एकाच दुकानातली तीच डझनभर अंडी वेगवेगळ्या ग्राहकांना 3.99 पासून 4.79 डॉलरपर्यंत वेगवेगळ्या भावात दिसत होती. ओरड झाली आणि कंपनीने हे भावाचे प्रयोग थांबवले. कागदाला ही चलाखी जमत नाही. एकदा छापलं की कलेक्टरला आणि त्याच्या ड्रायव्हरला साखर एकाच भावात, आणि शेजारीण तिचं पत्रक घेऊन पडताळायला येऊ शकते. माझी पत्रकावरची माया तेवढ्यासाठी आहे, लाल-पिवळ्या रंगासाठी नव्हे.

दुसरी अडचण आजी-आजोबांची. 'अॅपमधलं कुपन क्लिक केलं तरच सूट' म्हटलं की ज्यांना सुटीची खरी गरज, त्यांनाच पूर्ण भाव पडतो. सॅन दिएगो शहराने 2025 मध्ये नियमच केला: डिजिटल सूट देणाऱ्या किराणा दुकानाने मागणाऱ्याला तीच सूट कागदी कुपनावरही दिली पाहिजे.

आणि एडिसनच्या ताई

1974 मध्ये शिकागोच्या डेव्हन अॅव्हेन्यूवर पहिलं दुकान थाटणाऱ्या पटेल ब्रदर्सचं आणि तशा देशी दुकानांचं पत्रक अमेरिकेतल्या मराठी घरांत आता कागदावर कमी आणि व्हॉट्सअॅपवर जास्त पोचतं. पण रूप जसंच्या तसं: वीस पौंडांची आट्याची बॅग, तूप, भेंडी, मोसमात आंब्याची पेटी, सगळं एकाच पानात कोंबलेलं. म्हणजे छापखाना गेला, पत्रक राहिलं. फरक एवढाच की कागद रविवारनंतर रद्दीत जायचा, फॉरवर्डला मरण नाही. मग न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर एखाद्या ताई आंब्याच्या पेटीचा भाव टाकतात, चौघी गाड्या काढतात आणि काउंटरवर कळतं की पत्रक मागच्या वर्षीच्या मे महिन्यातलं आहे.