तासिका, लेख आणि घरातलं कॅलेंडर

एम.ए. झालं, सेट किंवा नेट झाली, पीएच.डी. झाली, तरी महाविद्यालयात कायमची नेमणूक नाही, अशी माणसं आज आपल्याकडे बहुतेक तालुक्यांच्या गावी भेटतात. मी त्यांतलीच एक. सातारा जिल्ह्यात नऊ वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे आपण ज्याला सी.एच.बी. म्हणतो तसं, मराठी शिकवते आहे. उरलेल्या वेळात वर्तमानपत्रांसाठी लिहिते, भाषांतरं करते. घरी नवरा, सासूबाई आणि सातवीतला मुलगा. हे सगळं एकत्र कसं जमवायचं, असं या वाटेवर नव्यानं आलेली मुलं-मुली विचारतात. जमतंच असं नाही. पण काही हिशेब आधी कळले असते, तर बरं झालं असतं.

पहिला हिशेब पैशांचा. तासिकेचे पैसे शिकवलेल्या तासाचे. दिवाळीची सुटी आणि मे महिना कोरडा. तेही महिन्याच्या महिन्याला मिळतील याची खात्री नाही. एका वर्षी माझं जुलैपासूनचं मानधन मार्चअखेर एकदम हातात पडलं. म्हणून लेखन. त्याचं मानधन थोडं असतं, पण सुटीतही काम मिळतं.

दुसरा हिशेब गुणांचा, आणि तो मला फार उशिरा कळला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत महाविद्यालयातल्या सहायक प्राध्यापकपदासाठी शंभर गुणांचं एक कोष्टक आहे. मुलाखतीला कोणाला बोलवायचं, हे त्यावरून ठरवायचं असतं. त्यात पीएच.डी.ला पंचवीस गुण आहेत. सेटला पाच, नेटला आठ, जेआरएफसह नेट असेल तर दहा. २०२३ साली आयोगानं पीएच.डी.ची सक्ती काढून घेतली खरी, पण हे पंचवीस गुण सोडून कसं चालेल? शोधनिबंधाला प्रत्येकी दोन गुण, जास्तीत जास्त सहा. अध्यापनाच्या अनुभवाला वर्षाला दोन, जास्तीत जास्त दहा.

आता हे नीट पाहा. तीन निबंधांनंतर चौथ्याला गुण नाही. मी मात्र पैसे भरून छापणाऱ्या नियतकालिकांच्या मागे दोन उन्हाळे घालवले. अनुभवाचे गुणही पाच वर्षांत संपतात, म्हणजे माझ्या सहाव्या वर्षापासूनच्या तासिकांनी त्या रकान्यात काहीच भर घातलेली नाही. आणि वर्तमानपत्रातल्या लेखांना रकानाच नाही! दोनशेच्या वर लेख छापून आले, फाइल जाड झाली. अर्जाला तिचा उपयोग शून्य. लेख घर चालवतो आणि निबंध मुलाखतीच्या दारापर्यंत नेतो. ही दोन कामं एकाच टेबलावर होतात, म्हणून ती एकच आहेत असं समजू नये. मी आता सकाळचे दोन तास निबंधाला देते आणि मानधनाचं लेखन दुपारनंतर करते. कोष्टक मात्र एकदा वाचून ठेवून द्यायचं नाही. प्रत्येक जाहिरातीसोबतचे निकष आणि राखीव जागांचा तपशील नव्यानं वाचायचा. अनुभवाचा दाखला दरवर्षी एप्रिलमध्येच मागून घ्यावा. प्राचार्य बदलले की जुना दाखला मिळवताना चपला झिजतात.

राहिलं घर. घरी बसून लिहिणाऱ्या बाईला काम असतं, हे घराला पटत नाही. ‘तू घरीच आहेस ना’ या एका वाक्यावर माझ्या कित्येक दुपारी गेल्या. मग मी लेखनाचे पैसे वेगळ्या खात्यात घेऊ लागले आणि मुलाच्या शाळेच्या बसचा खर्च त्यातून करायचं ठरवलं. तेव्हापासून सासूबाई विचारतात, ‘बसचं लिहून झालं का गं?’ आणि दार लोटून घेतात.

२०२३ साली मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयाकडून मुलाखतीचं पत्र आलं. निघायच्या दिवशी मुलाला ताप भरला, रविवारचा लेख अर्धा राहिलेला. रात्रीच्या एसटीत मोबाइलच्या उजेडात मी लेख पुरा केला. सकाळी मुलाखत आठ मिनिटांची झाली. विषय सोडून त्यांनी विचारलं, ‘कुटुंब इकडे आणणार का?’ मला उत्तर देता आलं नाही, कारण हा प्रश्न आम्ही घरी कधी बोललोच नव्हतो. जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. ताप उतरला होता, पण मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

त्यानंतर नवरा आणि मी एका रात्री बसून बोललो. त्याचं दुकान इथलं, सासूबाईंचा दवाखाना इथला. साताऱ्यापासून किती लांबपर्यंत अर्ज करायचे, लांब नोकरी मिळाली तर पहिलं वर्ष मी एकटी जायचं का, हे सगळं ठरवलं. मुलगा दहावीला जाईपर्यंत अर्ज करायचे, हेही ठरलं. पुढचं तेव्हा पाहू. कॅलेंडरवर आता अर्जाच्या मुदती लाल पेनानं आणि लेखांच्या निळ्यानं लिहिलेल्या असतात. मुलानं त्याचं स्नेहसंमेलनही लाल पेनानंच लिहिलंय.

या महिन्यात लाल खुणा दोन आहेत. एका अर्जाचे सहा संच करायचेत, झेरॉक्सवाला आठला दुकान बंद करतो.