सारस मोजणारा पोरगा तुमच्याच गावचा का नसावा?

शेतकरी बंधूंनो, रोवणी आटोपली की एखाद्या सकाळी बांधीच्या धुऱ्यावर जरा उभे राहा. तलावाच्या बाजूला धानात दोन उंच पाखरे दिसली, डोके लाल, अंग राखाडी, उंची जवळजवळ माणसाएवढी, तर तो सारस समजा. उडणाऱ्या पक्ष्यांत याच्याएवढा उंच पक्षी जगात दुसरा नाही. महाराष्ट्रात तो उरला आहे तो मुख्यतः आपल्या गोंदिया जिल्ह्यात. तोही किती? साऱ्या जिल्ह्यातले सारस मोजले तर पन्नासही भरत नाहीत.

आता विचाराल, ते मोजतो कोण? आणि मोजून उपयोग काय? आजचा लेख त्याचसाठी. बारावी झालेला, बी.एस्सी. करून घरी बसलेला पोरगा किंवा पोरगी तुमच्या घरी असेल, तर हा लेख त्यांनाही वाचायला द्या.

मोजणी कशी होते

जून महिन्यात, पाऊस लागण्याआधी, पाणी मोजक्याच तलावांत उरते. सारस तिथेच उतरतात. गोंदियाची सेवा ही संस्था, सावन बहेकर आणि त्यांचे सहकारी, वन विभागाला सोबत घेऊन दरवर्षी ही गणना करते. वेगवेगळ्या चमू पहाटे एकाच वेळी आपापल्या तलावावर हजर असतात. एकाच वेळी का? नाही तर या तलावावरचा सारस उडून त्या तलावावर गेला की दोनदा मोजला जाईल. वैनगंगा आणि बाघ नदीच्या पलीकडे बालाघाट जिल्हा आहे, तिथेही मोजतात. पाखराला राज्याची सीमा कुठे ठाऊक?

या कामात मोठा वाटा गावच्या माणसांचा आहे. ज्या शेतकऱ्याच्या बांधीत घरटे आहे, तोच त्याचा पहिला राखणदार. सारस पावसाळ्यात पाण्यातच गवत-काडी रचून घरटे करतो, बहुधा दोन अंडी घालतो आणि नर-मादी आळीपाळीने महिनाभर उबवतात. काही धान तुडवले जाते, हे खरे. पण उत्तर प्रदेशात इटावा-मैनपुरी भागात गोपी सुंदर या अभ्यासकाने वर्षानुवर्षे शेतातल्या सारसांचा मागोवा घेतला. घरट्यापायी होणारे नुकसान शेतकऱ्याला वाटते त्यापेक्षा पुष्कळ कमी असते, हे त्यातून दिसले. तिथेही सारस टिकला तो अभयारण्यात नव्हे, शेतात. घरटे कोणत्या बांधीत टिकते आणि कोणत्या बांधीत मोडते, हे शेतात फिरल्याशिवाय कळत नाही.

नकाशाचे महत्त्व

नुसता आकडा पुरत नाही. पाखरू कुठे चरते, कुठे निजते, घरटे कुठे करते आणि मधून विजेची तार कुठून जाते, हे नकाशावर आले तरच उपाय करता येतो. तारेला लागून सारस मेल्याच्या घटना आपल्याकडे घडल्या आहेत. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. पण न्यायालयाने सांगितले, अधिकाऱ्याने ठरवले, तरी कोणत्या खांबापासून कोणत्या खांबापर्यंतची तार आधी हलवायची? हे नकाशाच सांगतो, आणि असा नकाशा जागेवर गेल्याशिवाय होत नाही.

दुसरे उदाहरण घ्या. नवेगाव आणि नागझिरा मिळून २०१३ च्या डिसेंबरात व्याघ्र प्रकल्प झाला. या दोन जंगलांच्या मधून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो. तिकडे पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या चव्वेचाळीस क्रमांकाच्या महामार्गावर जनावरांसाठी नऊ ठिकाणी खालून वाट ठेवली. २०१९ मध्ये डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावले, तर वाघासह अठरा जातींचे प्राणी त्या वाटेने जाताना सापडले. ही वाट नेमकी कुठे ठेवायची, हे कोणी ठरवले? जनावर कुठून जाते ते ज्यांनी चालून चालून नोंदवले, त्यांनी.

अर्धे शिक्षण घरीच झालेले असते

मारुती चितमपल्ली हे नाव तुम्ही ऐकले असेल. मूळचे सोलापूरचे, वन खात्याचे अधिकारी. नवेगावबांधला राहिले आणि पुढे मराठीतले मोठे लेखक झाले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षी जून महिन्यात ते गेले. शिक्षण त्यांचे कोईमतूरच्या वन महाविद्यालयात झाले होते. पण इथल्या पाखरांची, पाण्याची, झाडांची ओळख त्यांना नवेगावबांधच्या माधवराव पाटलांसारख्या जाणत्यांनी आणि रानातल्या आदिवासींनी करून दिली. साहेब शिकायला आला तो आपल्याच माणसांकडे!

अर्जुनी मोरगाव भागात मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानेही हेच केले. तलावात कोणती वनस्पती असली की कोणता मासा अंडी घालतो, हे ढिवर बांधवांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. मंडळाने ते त्यांच्याकडून शिकून लिहून काढले. मग मालगुजारी तलावातली बेशरम उपटली आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. ढिवरांची माहिती कागदावर आली आणि तिचे शास्त्र झाले.

म्हणून सांगतो, तुमच्या पोराला बोडी कोणती, तलाव कोणता, पाणी कुठे किती दिवस थांबते, रानडुक्कर कोणत्या बाजूने उतरते हे ठाऊक असेल, तर या विद्येचा अर्धा भाग त्याच्याकडे आहेच. शहरातल्या मुलाला तो शिकायला दोन वर्षे लागतात. उरलेला अर्धा भाग शिकावा लागतो.

कुठे आणि काय शिकायचे

बारावी विज्ञान आणि जीवशास्त्र घेतले तर पुढे प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्राची बी.एस्सी. करता येते. वनशास्त्राची पदवी अकोल्याच्या कृषी विद्यापीठात आहे. पदवीनंतर वन्यजीव शास्त्राची एम.एस्सी. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत होते, तसा अभ्यासक्रम बंगळूरलाही आहे. प्रवेश परीक्षा कठीण असते, जागा थोड्या असतात. इंग्रजी आणि संख्याशास्त्र या दोन गोष्टींत आपली मुले मागे पडतात, त्यांची तयारी आधीपासून करा.

नकाशाचे काम करायचे तर भूगोल घेऊनही चालते. उपग्रहाचे चित्र पाहून तलाव, धान, जंगल वेगळे ओळखायचे आणि मग जागेवर जाऊन खात्री करायची, असे हे काम. राज्याचे सुदूर संवेदन केंद्र नागपुरातच आहे. इस्रोचे भुवन हे नकाशाचे संकेतस्थळ आणि क्यू-जी-आय-एस ही संगणकावरची प्रणाली, दोन्ही फुकट आहेत.

आता बापाचा प्रश्न: पोटापाण्याचे काय? खरे तेच सांगायला हवे. संशोधनातल्या बहुतेक जागा प्रकल्पापुरत्या असतात. प्रकल्प संपला की पगार थांबतो. वर्षा-दोन वर्षांनी नवी जागा शोधावी लागते, घरापासून दूर राहावे लागते. कर्ज काढून कोणत्याही खासगी वर्गाला पैसे भरू नका. कायम नोकरी हवी तर वनरक्षकाची भरती आहे, महाराष्ट्र वनसेवेची परीक्षा आहे. वनरक्षकाला कमी लेखू नका. देशात दर चार वर्षांनी वाघांची गणना होते, तिची पहिली पायरी वनरक्षकच चढतो. तो आपल्या बीटात पायी फिरून पाऊलखुणा आणि विष्ठा नोंदवतो, मगच कॅमेरे लागतात. २०१८ च्या गणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे होते. तितक्या ठिकाणी कोणी तरी चालत गेलेच ना?

सुरुवात उद्यापासून

यासाठी डेहराडूनची वाट पाहायची गरज नाही. तलाठ्याकडून गाव नकाशा घ्या, त्याची प्रत काढा. त्यावर तलाव, बोड्या, विजेच्या तारा आणि पाणी धरणाऱ्या बांध्या वेगवेगळ्या रंगांनी दाखवा. एक वही करा. तारीख, वेळ, गट नंबर, काय दिसले, किती दिसले, कोणी पाहिले, एवढे रकाने पुरेत. ज्या दिवशी गेला आणि काही दिसले नाही, त्या दिवशी शून्य लिहा. ते शून्यही तितकेच मोलाचे, कारण पाखरू कधी यायचे थांबले हे त्यावरूनच कळते. अंदाज लिहू नका. आणि घरट्याचा फोटो, ठिकाण मोबाईलवर गावभर पाठवू नका. घरट्याभोवती गर्दी झाली की सारस घरटे सोडतो. अशी तीन वर्षांची वही हाती असलेला मुलगा कोणत्याही संस्थेच्या दारात रिकाम्या हाताने उभा राहत नाही.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी यांनाही दोन शब्द. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही करावी लागते. हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, तेव्हा घाईघाईने पुष्कळ नोंदवह्या झाल्या. तुमच्या कपाटातली एकदा उघडून पाहा. त्यात तुमच्या तलावाचे नाव आहे का? सारस, ढोक, वाघूर यांची नोंद आहे का? नसेल तर ती नव्याने लिहायला गावातलाच शिकलेला मुलगा किंवा मुलगी बसवा. शेजारी एक म्हातारा ढिवर आणि एक गुराखी बसवा.

कारण सारसांइतकीच ही जाणती माणसेही आता थोडी उरली आहेत. त्यांना ठाऊक आहे ते कोणत्याही उपग्रहाच्या चित्रात येत नाही. ते आहेत तोवर वही उघडा. येत्या जूनच्या पहाटे तुमच्या तलावावर मोजायला जो उभा राहील, तो तुमच्याच गावचा असू द्या.