मिठाला पाणी सुटतं तेव्हा

पितरपाठ लागला की औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्ल्यांतल्या गच्च्या गोधड्यांनी भरून जातात. खाली मंडईच्या रस्त्यावर घट, परड्या आणि काळ्या मातीचे ढीग यायला सुरुवात झालेली असते आणि वर प्रत्येक कठड्यावर जुन्या लुगड्यांचे पाच-सात थर एकत्र शिवलेली एकेक गोधडी निथळत असते. ‘दसरा काढला का?’ हा या दिवसांत बायकांचा एकमेकींना पहिला प्रश्न. घटस्थापनेच्या आत घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढायचं, घर झाडून-पुसून घ्यायचं, ही मराठवाड्याची जुनी रीत. आणि नेमक्या याच दिवसांत घराघरांत शिंका, नाकाचं पाणी, डोळ्यांची खाज आणि पहाटेची धाप वाढलेली असते.

या दोन्ही गोष्टी एका ठिकाणी येऊन मिळतात, ते ठिकाण म्हणजे उशी. उशीत, गादीत, गोधडीच्या थरांत माइट नावाचा जीव राहतो. कोळी आणि गोचिडीच्या कुळातला, आठ पायांचा, इतका लहान की तीन माइट एकापुढे एक ठेवले तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. तो चावत नाही, रक्त पीत नाही. आपल्या अंगावरून रोज गळणाऱ्या त्वचेच्या कोंड्यावर त्याचं पोट भरतं. घरातल्या धुळीने लोकांना दमा का लागतो, हे कोडं नेदरलँड्समधल्या लायडन शहरात व्होरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा यांनी 1964 च्या सुमारास उलगडलं. दमट घरांतली धूळ जास्त त्रास देते हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्या धुळीत शोधल्यावर हा माइट सापडला.

दमट घरंच का? माइट पाणी पीत नाही, ते हवेतून ओढून घेतो. त्याच्या पहिल्या पायांच्या मुळाशी ग्रंथी असतात. त्यांतून खारट द्रव पाझरतो, तो हवेतली वाफ शोषतो आणि ओघळत तोंडाकडे येतो. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना, तसंच हे. मिठाला पाणी सुटायला हवेतली सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास लागते आणि माइटचं भागायलाही साधारण तितकीच. म्हणून स्वयंपाकघरातली मिठाची बरणी ओलसर झाली की आपल्या गादीत माइटची वीण जोरात आहे, असं खुशाल समजावं. उन्हाळ्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी होते की मोठे माइट थोड्या दिवसांत वाळून मरतात, पण त्यांच्या पिल्लांची एक अवस्था निपचित पडून महिनोन्महिने तग धरते आणि पुढच्या पावसाची वाट पाहते.

त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेने. एक माइट दिवसाला वीसेक लेंड्या टाकतो. ॲलर्जीला कारण होणारं प्रथिन मोठ्या प्रमाणावर या लेंड्यांत असतं, हे 1981 साली दाखवलं गेलं. हे प्रथिन म्हणजे त्याच्या पोटातलं पाचकद्रव्य. ते आपल्या श्वासनलिकेच्या अस्तरावर पडलं की तिथेही पचनाचंच काम करू लागतं, पेशींमधले सांधे सैल करतं. ऑक्टोबरात पाऊस परतला, हवा कोरडी झाली, माइट मेले, तरी त्या लेंड्या गोधडीत तशाच राहतात. आणि थंडी पडली की तीच गोधडी आपण नाकापर्यंत ओढून घेतो.

म्हणून दसरा काढण्याची वेळ मला फार मोलाची वाटते. पावसाळाभर साठलेलं सगळं पांघरुणात आहे आणि थंडी अजून यायची आहे, नेमकं त्या फटीत हे धुणं येतं. धुणं आणि वाळवणं यांची कामंही वेगवेगळी आहेत. ते प्रथिन पाण्यात विरघळतं, त्यामुळे साध्या गार पाण्यानेही त्याचा बराचसा भाग निघून जातो. माइट मात्र धाग्यांना चिकटून वाचतात. त्यांना मारायला पाणी 55 अंशांच्या वर हवं आणि इतक्या कढत पाण्यात हात घालता येत नाही. ते काम मग ऊन करतं. पातळ गोधडी दिवसभर उलटसुलट करून कडक वाळवली की त्यांचं पाणी तुटतं. जाड कापसाच्या गादीच्या पोटात ऊन पोहोचत नाही. तिला उन्हात टाकावंच, शिवाय घट्ट विणीचा, चेन लावलेला अभ्रा घालावा.

एक गोष्ट मात्र बघवत नाही. घरात जिला दमा आहे, बहुतेक वेळा तीच गोधड्या झटकत असते, तीच फड्याने जळमटं काढत असते. लेंड्यांचे कण जड असतात, एरवी ते हवेत टिकत नाहीत, काही मिनिटांत खाली बसतात. पण झटकताना त्यांचा लोट थेट तिच्या तोंडावर येतो. हे काम घरातल्या दुसऱ्या कुणी करावं, पुरुषांनी करावं. निदान नाकातोंडाला मास्क लावावा आणि कोरड्या फड्याऐवजी ओलं फडकं घ्यावं. आणि घर स्वच्छ झालं म्हणून डॉक्टरांनी दिलेला पंप बंद करू नये.

कण असे लगेच खाली बसतात, म्हणूनच माइटच्या त्रासावर हवा शुद्ध करणाऱ्या महागड्या यंत्राचा उपयोग बेताचाच. त्यापेक्षा खिडकीतल्या कूलरकडे बघा. आपल्याकडे तो उन्हाळा संपला तरी तसाच खिडकीत राहतो आणि त्याची ओली गवताची जाळी पावसाळाभर बुरशी पोसते. ती काढून टाकावी, टाकी कोरडी करावी. पावसात ओल आलेल्या भिंतीला टेकलेलं कपाट हातभर पुढे ओढावं, बुरशीचे काळे ठिपके त्याच्यामागेच सापडतात. मोकळ्या प्लॉटवर गाजरगवत फुललं असेल तर त्या बाजूच्या कठड्यावर गोधडी वाळत घालू नये, त्याचे परागही शिंका आणतात. 1955 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे तण आज आपल्या प्रत्येक रिकाम्या जागेत आहे.

अडचण आहे ती पाण्याची. जायकवाडी भरलेलं असलं तरी या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि दहा गोधड्या एका दिवसात धुणं प्रत्येक घराला जमत नाही. मग क्रम लावावा. घरात ज्याला धाप लागते त्याची उशी आणि अभ्रा आधी, मग त्याचं पांघरूण, मग त्याच्या शेजारी झोपणाऱ्याचं. पाहुण्यांसाठी पेटीत ठेवलेल्या गोधड्या पुढच्या पाण्याला धुतल्या तरी चालतील.