भोपळ्यातील दीप आणि चिमुकली भुते

आश्विनातील अमावस्या जवळ आली की आपल्या घरी तेला-उटण्याची आणि फराळाची लगबग सुरू होते. त्याच सुमारास सातासमुद्रांपलीकडे, अमेरिकेतील एखाद्या बालमंदिरात, तीन-चार वर्षांची चिमुरडी मंडळी निराळ्याच सिद्धतेत गुंतलेली असतात. कोणी पांढरी चादर पांघरून भूत होते, कोणी वाघ होते, तर कोणी चक्क भोपळा! हा तेथील ‘हॅलोवीन’चा सण. तो दरवर्षी ३१ ऑक्टोबरला, म्हणजे बहुधा आपल्या दिवाळीच्या मागेपुढेच येतो. २०२४ साली तर महाराष्ट्रातील नरकचतुर्दशीही नेमकी त्याच दिवशी आली होती.

अशा वेळी तेथे लेकाकडे वा लेकीकडे गेलेल्या आजीच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. सणासुदीच्या मंगल दिवसांत नातवाला भुताचा वेष चढवून शाळेत धाडावयाचे, हे अभद्र नव्हे काय? प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी हा सण मुळात काय आहे, हे जाणून घेणे उचित ठरेल.

सण दिवंगतांच्या स्मरणाचा

आयर्लंड व स्कॉटलंड या देशांतील प्राचीन केल्टिक लोक सुगी संपून हिवाळा सुरू होताना ‘साऊइन’ नावाचा उत्सव करीत. त्या रात्री इहलोक आणि परलोक यांमधील पडदा विरळ होतो, अशी त्यांची श्रद्धा होती. पुढे आठव्या-नवव्या शतकांत ख्रिस्ती धर्मपीठाने १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरविला आणि त्याची पूर्वसंध्या ती हॅलोवीन. २ नोव्हेंबर हा सर्व दिवंगत आत्म्यांचा दिवस. गोव्यातील आणि वसईतील ख्रिस्ती बांधव त्या दिवशी आपल्या आप्तांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल.

आयर्लंडमध्ये सलगमाचा कंद पोखरून त्यात दिवा ठेवीत. एकोणिसाव्या शतकात दुष्काळाने गांजलेले आयरिश लोक मोठ्या संख्येने अमेरिकेत गेले. तेथे लाल भोपळा विपुल आणि कोरण्यास सोपा. म्हणून सलगमाची जागा भोपळ्याने घेतली.

स्कॉटलंड-आयर्लंडमधील मुले वेष घेऊन दारोदार जात; परंतु हात पसरताच खाऊ मिळत नसे. आधी गाणे म्हणावे, कविता म्हणावी किंवा एखादा विनोद सांगावा, मगच सफरचंद वा अक्रोड हाती पडे. आपल्या भोंडल्यात फेर धरून गाणी झाल्याविना खिरापतीचा डबा उघडत नाही, त्यातलाच हा प्रकार. अमेरिकेत मात्र गाणे गळाले आणि ‘खाऊ देता की खोडी काढू?’ एवढा लाडिक दरडावणीचा सूर उरला. तरीही या प्रथेतून सत्कार्य घडले आहे. १९५० साली फिलाडेल्फिया परिसरातील काही मुलांनी दारोदार जाऊन खाऊबरोबरच युनिसेफसाठी नाणी गोळा केली आणि ती प्रथा पुढे देशभर पसरली.

बालमंदिरातील हॅलोवीन

शिशुवर्गात हा सण भयाचा कमी आणि भोपळ्याचा अधिक असतो. वर्गात एक भला थोरला भोपळा आणला जातो. सुरी फक्त बाईंच्या हाती. मुले आतील गर चिवडतात, बिया वेगळ्या करून मोजतात आणि मग त्या भाजून खातात. घंगाळभर पाण्यात भोपळा तरंगेल की बुडेल, याचा अंदाज बांधतात. आत मेणबत्तीऐवजी विजेरीवरचा दिवा ठेवतात. हाताचे पंजे काळ्या रंगात बुडवून कागदावर उमटविले की कोळी तयार होतो. पाच बोटांचे पाच भोपळे करून बडबडगीत म्हटले जाते आणि त्यातच उलट मोजणीचा पाठ होऊन जातो. अखेरीस भर दिवसा वेषधारी मुलांची छोटीशी मिरवणूक शेजारच्या वर्गात जाते. पालक कौतुकाने टाळ्या वाजवितात.

या सोहळ्यात एखादे मूल अकस्मात रडू लागते. त्याला ‘भित्रा’ म्हणून हिणवणे हा अन्याय होय. १९६९ साली रीटा डीव्ह्राइस या संशोधिकेने मेनार्ड नावाच्या एका गरीब मांजराला, त्याचे डोके क्षणभर आडोशाला घेऊन, उग्र कुत्र्याचा मुखवटा चढविला. मांजराचे मागचे अंग मुलांना सतत दिसत होते. तरीही तीन वर्षांच्या पुष्कळ मुलांना वाटले की, मांजराचे कुत्रेच झाले! सहा वर्षांची मुले मात्र बहुधा जाणून होती की, मुखवटा बदलला तरी आत मांजरच आहे. म्हणजे तीन वर्षांच्या बाळाला सोंग आणि सत्य यांतील भेद अजून उमगलेला नसतो. म्हणूनच जाणत्या शिक्षिका मुलांच्या डोळ्यांदेखत मुखवटा चढवितात, उतरवितात, तो त्यांच्या हाती देतात. जे आपल्या हातांनी घडविले, त्याचे भय हळूहळू ओसरते.

आपल्या परंपरेतील भय

हे शहाणपण आपल्याला परके नाही. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री नरकासुराची अक्राळविक्राळ प्रतिमा उभी करतात. गवत भरताना, कागद चिकटविताना बालगोपाळ तेथेच असतात आणि पहाटे ती जळताना टाळ्या पिटतात. कोकणच्या शिमग्यात काळा झगा, उंच निमुळती टोपी आणि पांढरी दाढी अशा थाटात संकासुर अंगणात येतो, तेव्हा लेकरू आईच्या पदराआड दडते. आई त्याला हसत नाही. कडेवर घेऊन दुरून दाखविते. पुढल्या वर्षी तेच लेकरू संकासुराच्या मागे धावत असते.

तेव्हा आजीबाईंच्या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल: हा सण आपला नव्हे, हे मुलाला अवश्य सांगावे, परंतु सवंगड्यांच्या आनंदात सहभागी होण्याने धर्म बुडत नाही. मन मानत नसेल तर शिक्षिकेस नम्रपणे तसे सांगावे. तेथील काही ख्रिस्ती कुटुंबेही हा सण पाळीत नाहीत आणि कित्येक शाळा त्याऐवजी केवळ सुगीचा उत्सव करतात. पाठवावयाचे झाल्यास भूतच व्हावे असे नाही. मोर, चांदोबा, शेतकरी असे कितीतरी वेष आहेत. देवतेचा वेष मात्र गोकुळाष्टमीसाठी राखून ठेवणेच शोभून दिसेल. डोळे झाकणारा मुखवटा आणि पायांत येणारा झगा टाळावा. कडक गोळी लहानग्याच्या घशात अडकू शकते, हेही विसरू नये. दाण्यांसारखे पदार्थ ज्यांना बाधतात, अशा मुलांसाठी २०१४ पासून अमेरिकेत अनेक घरांपुढे निळसर-हिरवा भोपळा ठेवला जाऊ लागला. तेथे खाऊऐवजी खेळणे मिळते. ही जाणीव अनुकरणीय आहे.

आणि सायंकाळी? बाळाच्या गालावरील रंग पुसावा, हातपाय धुवावेत, देवापुढे समई लावून शुभंकरोती म्हणावी. मग त्याला दारातील आकाशकंदील दाखवावा. भोपळ्यातील दिवा वाईटाला दूर ठेवण्यासाठी लावीत असत. आपल्याकडे दिवाळीच्या अमावास्येला पितरांना वाट दिसावी म्हणून उल्कादान करण्याची चाल आहे. गेलेल्यांची आठवण दोहींकडे आहे. मात्र आपल्या दिव्यात त्यांच्याविषयी भय नाही, ओढ आहे. एवढे जरी त्या चिमुकल्या मनात रुजले, तरी परदेशातील ती दिवाळी सार्थ झाली म्हणावयाची.