पंच केन अ‍ॅस्टन

फुटबॉलचा सामना पाहावयास जमलेल्या हजारो लोकांची दृष्टी चेंडूवर खिळलेली असते. बावीस खेळाडूंच्या मागोमाग धावणारा तेविसावा माणूस फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तो कोणत्याही पक्षाचा नसतो. त्याने चेंडूला पाय लावावयाचा नसतो. सामना संपल्यावर त्याला कोणी खांद्यावर घेऊन नाचत नाही. परंतु त्याच्या हातून एखादी चूक झाली, की हजारो लोकांची तीच दृष्टी चेंडूवरून उठून त्याच्यावर येते, आणि मग ती सहजासहजी हलत नाही. हा माणूस म्हणजे सामन्याचा पंच.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर किंवा मुंबईच्या कूपरेज मैदानावर तुम्ही असा सामना पाहिला असेल, तर पंचाच्या खिशातून निघणारी दोन कार्डेही तुम्हांस ठाऊक असतील. पिवळे कार्ड दाखविले, म्हणजे खेळाडूस ताकीद मिळाली. तांबडे दाखविले, म्हणजे त्याने मैदान सोडावयाचे आणि त्याच्या संघाने उरलेला वेळ एक खेळाडू कमी घेऊन खेळावयाचे. एकाच सामन्यात एकाच खेळाडूस दुसऱ्यांदा पिवळे कार्ड मिळाले, तर त्यामागून तांबडे येतेच. पंच तोंडाने काय बोलतो हे दूर बसलेल्या प्रेक्षकास ऐकू येत नाही. पण हात वर झाला आणि कार्डाचा रंग दिसला, की लहान मुलासही निर्णय कळतो.

ही युक्ती ज्यांना सुचली ते गृहस्थ एक इंग्रज शाळामास्तर होते. त्यांचे नाव केन अ‍ॅस्टन. फुटबॉलच्या इतिहासात त्यांचे नाव दोन कारणांनी घेतले जाते. एक कारण ही कार्डे. आणि दुसरे, त्यांच्या हाताबाहेर गेलेला एक सामना. हा सामना कार्डांच्या आधी घडला, म्हणून तो आधी सांगितला पाहिजे.

अ‍ॅस्टन ह्यांचा जन्म १९१५ साली इंग्लंडमधील कोलचेस्टर येथे झाला. शिक्षकाचा पेशा पत्करल्यावर शाळेतील मुलांच्या खेळापासून त्यांनी पंचाच्या कामास आरंभ केला आणि १९३६ साली ते रीतसर पंच झाले. पुढे दुसरे महायुद्ध आले. त्या काळात ते सैन्यात होते; त्यांतील काही वर्षे त्यांनी ब्रिटिश हिंदी सैन्यात काढली आणि लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत ते चढले. युद्ध संपल्यावर सिंगापूरच्या चांगी येथील युद्धगुन्ह्यांची चौकशी करणाऱ्या न्यायासनावरही त्यांनी काम केले. मायदेशी परतल्यावर पुन्हा शाळा आणि पुन्हा शिटी! १९५३ साली ते लंडनलगतच्या इलफर्ड येथील न्यूबरी पार्क शाळेचे मुख्याध्यापक झाले. आठवडाभर मुलांना शिकवावयाचे आणि सुटीच्या दिवशी मोठ्या माणसांना नियमांची आठवण करून द्यावयाची, असा त्यांचा क्रम होता.

समोरची अडचण पाहून तिच्यावर साधा उपाय शोधण्याची त्यांना आवड होती. त्या वेळी मैदानाच्या कडेने धावणाऱ्या रेषापंचांच्या हातांतील निशाणे यजमान संघाच्या रंगांची असत. इंग्लंडात हिवाळ्यात दाट धुके पडते. धुक्यात ती फिकी निशाणे दिसेनाशी झालेली पाहून अ‍ॅस्टन ह्यांनी झगझगीत रंगांची निशाणे वापरण्यास आरंभ केला. पांढरी किनार असलेला काळा पोशाखही इंग्लंडच्या लीग सामन्यांत प्रथम त्यांनीच घातला, असे सांगतात.

आता तो सामना. १९६२ ची विश्वचषक स्पर्धा दक्षिण अमेरिकेतील चिली ह्या देशात भरली होती. दोनच वर्षांपूर्वी, १९६० च्या मे महिन्यात, त्या देशाला अतिप्रचंड भूकंपाचा तडाखा बसला होता. उपकरणांनी मोजल्या गेलेल्या भूकंपांपैकी एवढा मोठा दुसरा कोणताच नाही. अशा आघातातून सावरून चिलीच्या लोकांनी स्पर्धेची तयारी केली होती. इतक्यात इटलीच्या दोन वार्ताहरांनी आपल्या वृत्तपत्रांत सांतियागो ह्या राजधानीची आणि तेथील लोकांची निंदा करणारे लेख लिहिले. ते लेख चिलीत येऊन पोहोचले. घरी आलेल्या पाहुण्याने आपल्या गरिबीवर बोट ठेवावे, हे कोणास रुचेल? लोक संतापले. त्या वार्ताहरांना देश सोडून जावे लागले, परंतु राग मात्र मागे राहिला. आणि योग असा, की चिली व इटली हे दोन्ही संघ एकाच गटात होते.

२ जून १९६२ रोजी सांतियागोच्या राष्ट्रीय क्रीडांगणावर साठ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर अ‍ॅस्टन ह्यांनी शिटी वाजविली. मिनिटभरही लोटले नसेल, तोच पहिली आगळीक घडली. दहाबारा मिनिटांच्या आत इटलीच्या फेरीनी ह्या खेळाडूने प्रतिपक्षाच्या खेळाडूस लाथ मारली. अ‍ॅस्टन ह्यांनी त्यास मैदानाबाहेर जाण्यास फर्माविले. तो जाईना! हातवारे झाले, आरडाओरडा झाला, खेळ कितीतरी वेळ खोळंबला. शेवटी पोलिसांनी मैदानात येऊन त्याला ओढून नेले. पुढे चिलीच्या लिओनेल सँचेझ ह्यास इटलीच्या डेव्हिडने लाथा मारल्या. सँचेझ हा एका मुष्टियोद्ध्याचा मुलगा. त्याने उठून डेव्हिडला ठोसा लगावला. त्याला शिक्षा झाली नाही. थोड्या वेळाने डेव्हिडने उंच उडी घेऊन सँचेझच्या मानेवर लाथ हाणली. डेव्हिडला मात्र बाहेर जावे लागले. ह्याच सामन्यात सँचेझच्या आणखी एका ठोशाने इटलीच्या मास्किओचे नाक मोडले. तोही प्रहार पंचांनी पाहिला नाही. पोलिसांना मैदानात वारंवार यावे लागले. अकरांविरुद्ध नऊ अशा त्या झुंजीत अखेरच्या सतरा मिनिटांत चिलीने दोन गोल केले आणि सामना जिंकला. फुटबॉलच्या इतिहासात हा सामना ‘सांतियागोची लढाई’ ह्या नावाने कुप्रसिद्ध आहे.

सामन्याची चित्रफीत विमानाने इंग्लंडात गेली आणि तेथील दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आली. निवेदकाने ती दाखविण्यापूर्वीच तिचा कडक शब्दांत धिक्कार केला. इटलीत तर अ‍ॅस्टन ह्यांच्यावर पक्षपाताचा उघड आरोप झाला. ते स्वतः पुढे म्हणत, की आपण फुटबॉलचा सामना चालवीत नव्हतो, सैन्याच्या कवायती युद्धावर देखरेख करीत होतो!

मग सामना मध्येच का थांबविला नाही? हा प्रश्न त्यांना अनेकदा विचारला गेला. सामना बंद करण्याचा विचार आपल्या मनात आला होता, असे ते सांगत. पण तसे केले असते, तर त्या खवळलेल्या जमावात इटलीच्या खेळाडूंचे काय झाले असते, ह्याची हमी आपण घेऊ शकत नव्हतो, असे त्यांचे उत्तर असे. हे उत्तर विचार करण्यासारखे आहे. ज्या संघाच्या देशात त्यांच्या नावाने खडे फोडले गेले, त्याच संघाच्या जिवाची त्यांना काळजी वाटत होती. तथापि सँचेझला मोकळे सोडणे ही चूकच होती. ज्याने मारले तो खेळत राहिला आणि ज्याने उलटून मारले तो बाहेर गेला, हे पाहणाऱ्यास न्यायाचे वाटणे शक्य नाही. अ‍ॅस्टन ह्यांचा थोरपणा सांगताना ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही.

टाचेमागील शीर दुखावल्यामुळे त्या स्पर्धेत त्यांनी आणखी सामना चालविला नाही. मात्र इंग्लंडात त्यांच्यावरचा विश्वास उडाला नाही. १९६३ साली वेम्बली येथे झालेल्या एफ. ए. करंडकाच्या अंतिम सामन्याचे पंच तेच होते. पुढे फुटबॉलची आंतरराष्ट्रीय संस्था जी फिफा, तिच्या पंचसमितीवर त्यांची नेमणूक झाली, आणि १९६६ साली इंग्लंडमध्ये भरलेल्या विश्वचषक स्पर्धेत सर्व पंचांची व्यवस्था त्यांच्याकडे आली.

त्या स्पर्धेत २३ जुलै रोजी वेम्बलीवर इंग्लंड आणि अर्जेंटिना ह्यांचा सामना होता. पंच होते जर्मनीचे रुडॉल्फ क्राइट्लाइन. ते व्यवसायाने शिंपी होते. अर्जेंटिनाचा कप्तान रात्तीन हा उंचापुरा खेळाडू त्यांच्याशी एकसारखा वाद घालू लागला. पंचांनी त्यास बाहेर जाण्याची आज्ञा केली. पण पंचांना स्पॅनिश येत नव्हते आणि कप्तानाला जर्मन. ‘मला दुभाषी द्या’, अशी त्याची मागणी. तो हलेना, खेळ बराच वेळ बंद पडला. तेव्हा अ‍ॅस्टन स्वतः मैदानावर उतरले आणि त्यांनी समजूत घातली. चार वर्षांपूर्वी फेरीनीपुढे ते असेच उभे राहिले होते! सामना संपल्यावर आणखी एक घोटाळा उघडकीस आला. इंग्लंडच्या चार्लटन बंधूंना पंचांनी ताकीद दिल्याचे दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत छापून आले. खेळाडूंना त्याचा पत्ताच नव्हता! खरे काय ते जाणण्यासाठी फिफाकडे चौकशी करावी लागली.

त्या सामन्यानंतर अ‍ॅस्टन आपल्या मोटारीतून लंडनमधील केन्सिंग्टन हाय स्ट्रीट ह्या रस्त्याने चालले होते. मनात एकच विचार घोळत होता : ज्याला आपली भाषा येत नाही, त्याला आपला निर्णय निःसंशय कसा कळवावा? इतक्यात समोरच्या चौकातील वाहतुकीचा दिवा पिवळा झाला आणि मग तांबडा. पिवळा म्हणजे सांभाळून. तांबडा म्हणजे थांब. हा दिवा कोणती भाषा बोलतो? लंडनमधला वाटसरू असो, की ब्यूनोस आयर्समधला, अर्थ दोघांनाही कळतो. अ‍ॅस्टन ह्यांना उत्तर सापडले होते. असे दिवे तोपर्यंत लाखो लोकांनी पाहिले होते, पण त्यांच्यापैकी कोणाच्या डोक्यात रात्तीन आणि फेरीनी नव्हते.

येथे एक खुलासा केला पाहिजे. सांतियागोत अ‍ॅस्टन ह्यांच्या खिशात ही कार्डे असती, तरी मास्किओचे नाक मोडणारा खेळाडू सुटलाच असता. जे पंचाने पाहिले नाही, त्याला कार्ड काय करणार? त्या अडचणीवरचा उपाय फार उशिरा आला. २०१८ पासून विश्वचषक स्पर्धेत सामन्याची चित्रे पडद्यावर पुन्हा पाहणारे साहाय्यक पंच नेमले जाऊ लागले. अ‍ॅस्टन ते पाहावयास नव्हते. २००१ साली त्यांचे निधन झाले होते.

१९७० साली मेक्सिकोत भरलेल्या विश्वचषक स्पर्धेत पंचांच्या खिशात प्रथमच ही कार्डे आली. पिवळी दाखविली गेली. तांबडे दाखविण्याचा प्रसंग एकदाही आला नाही. खुद्द इंग्लंडच्या लीग सामन्यांत ती १९७६ साली सुरू झाली, १९८१ मध्ये बंद करण्यात आली आणि १९८७ मध्ये पुन्हा आली.

विश्वचषकातील पहिले तांबडे कार्ड १४ जून १९७४ रोजी पश्चिम बर्लिन येथे निघाले. यजमान पश्चिम जर्मनीविरुद्धच्या त्या सामन्यात तुर्कस्तानचे पंच दोआन बाबाजान ह्यांनी कार्लोस काझेली ह्या खेळाडूस ते दाखविले. काझेली चिलीचा होता.