गव्हाशिवाय दस्तरखान

बाजारातून एखादे पाकीट घरी आले की आपल्या घरांत ते आधी उलटून पाहिले जाते. जिलेटिन कशाचे, ई ४७१ कशापासून केलेले, हलालचा शिक्का आहे का, हे पाहिल्याशिवाय मुलांच्या हाती बिस्किट पडत नाही. हीच नजर आता आणखी एका कामी आणायला हवी, कारण गव्हाने आजारी पडणारी मुले आपल्याही घरांत आहेत.

या आजाराचे नाव सिलिअ‍ॅक. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. ते पोटात गेले की या रुग्णांचे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. अस्तर झिजते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. मूल किरकोळ राहते, पोट फुगते, रक्त वाढत नाही. घरात मात्र ‘नजर लागली’पासून ‘नीट खातच नाही’पर्यंत सगळे बोलून होते. गव्हाशी असलेला हा संबंध हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात मांडला. आजही यावर पथ्य हेच औषध, आणि तेही जन्मभराचे. मात्र नुसत्या शंकेवरून आधीच चपाती बंद करू नये. रक्ताची तपासणी आणि एन्डोस्कोपी गव्हाचे खाणे चालू असतानाच करावी लागते, नाहीतर निदान चुकू शकते.

निदान झाले की आईबाप यादी शोधू लागतात. आमच्या शाळेत सहावीत असलेल्या एका मुलीच्या अम्मीने अशा तीन याद्या आम्हाला दाखवल्या. एक ब्रिटनची होती. ती तिथे उपयोगाची, पण एकाच नावाच्या सॉसची कृती देशागणिक वेगळी असू शकते. दुसरीवर तारीखच नव्हती, आणि कंपन्या तर मालातले घटक न सांगता बदलतात. तिसरीत लिहिले होते, ‘खपली गहू चालतो.’ खपली हासुद्धा गहूच. अशी यादी पुढे वाचूच नये.

मग भरवसा कशावर ठेवायचा? पाकिटावरच्या मजकुरावर. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार किलोमागे ग्लुटेन २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसेल तरच ‘ग्लुटेन-फ्री’ असे छापता येते. घटकांच्या यादीखाली अ‍ॅलर्जीची सूचना असते, तिथे गहू, जव, ओट्स यांचा उल्लेख आहे का ते पाहावे. हलालचा शिक्का, शाकाहाराची हिरवी खूण किंवा ‘नो मैदा’ ही जाहिरात यांपैकी एकही गोष्ट ग्लुटेनबद्दल काही सांगत नाही.

चपाती, पाव, रवा, शेवया यांत गहू आहे हे सर्वांनाच कळते. फसगत होते ती लपलेल्या गव्हाने. बांधानी हिंगात बहुतेकदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. सोया सॉसमध्ये गहू असतो. दुधात घालायच्या पावडरीतला माल्ट जवाचा. कबाब बांधायला पाव चुरून घालतात. हलीममध्ये तर गहू आणि जव दोन्ही. तलबीना आजारी माणसाला द्यायची म्हणून घरातले वडीलधारे मोठ्या मायेने करून आणतात, पण ती जवाची. तिची बरकत इतरांसाठी, या मुलीसाठी नव्हे, हे खाला-फुफींना अदबीने पण स्पष्ट सांगावे लागते. “चिमूटभर खाल्लं तर काय होतं?” या प्रश्नाला एकच उत्तर आहे: आतडे पुन्हा सुजते, दुखले नाही तरी सुजते.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे पिठाची गिरणी. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत ग्लुटेन नाही, पण आपल्या आधी कुणाचा गहू दळला असेल तर तो आपल्या पिठात उतरतोच. पहाटे पहिला नंबर लावला तरी जात्याच्या दगडात कालचा गहू असतो. बेसनाचेही तेच. म्हणून अख्खे धान्य आणावे, निवडून धुवावे, वाळवावे आणि घरच्या गिरणीत दळावे. ते परवडत नसेल तर कोकणातल्या आपल्या घरांकडे पाहावे. तांदूळ भिजवून मिक्सरमध्ये वाटले की घावन होतात, गिरणीचा प्रश्नच येत नाही. सांदणही आहेच. त्या मुलीच्या अम्मीने ईदला शेवयांऐवजी तांदळाची फिरनी केली आणि सगळ्या घराने तीच खाल्ली. मुलीला वेगळी वाटी द्यावी लागली नाही, हे आम्हाला फार मोलाचे वाटते.

इफ्तारला एकाच तबकातून खाण्याची आपली रीत आहे. खजूर आणि फळे चालतात, पण शेजारच्या समोशाचा चुरा त्यांवर पडला की संपले. भजी बेसनाची असली तरी ती समोशाच्याच तेलात तळलेली असतात. तिचे ताट आधी वाढून बाजूला ठेवावे. तवा, परात आणि चाळणीही वेगळी असावी.

आखातातून भाऊ-मामू खाऊ आणतात, त्याबद्दल थोडे. त्यावर मजकूर अरबीत असतो. आपल्यातल्या पुष्कळ जणींना ती लिपी वाचता येते, फक्त शब्द ओळखीचे नसतात. तीन शब्द लक्षात ठेवावेत: ‘कम्ह’ म्हणजे गहू, ‘शईर’ म्हणजे जव, ‘शोफान’ म्हणजे ओट्स. त्या मुलीने हे तिन्ही शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले आहेत. मामूने आणलेला डबा आता ती स्वतःच वाचते.