कामाची जागा (लेखांक ७) : दार कोणाला, हॉल कोणाला

६ ऑगस्ट २०२५ रोजी नवी दिल्लीत कर्तव्य भवन-३ चं उद्घाटन झालं. केंद्र सरकारच्या सामायिक सचिवालयासाठी ज्या दहा इमारती उभारायच्या ठरल्या, त्यांतली पुरी झालेली ही पहिली. दोन तळघरं, वर सात मजले, सुमारे दीड लाख चौरस मीटर जागा. गृह, परराष्ट्र, ग्रामविकास, पेट्रोलियम, सूक्ष्म-लघु उद्योग, कार्मिक अशी खाती एका छपराखाली आणण्याचा हा बेत. विखुरलेल्या कार्यालयांच्या भाड्यापोटी सरकारला वर्षाला दीड हजार कोटी रुपये मोजावे लागतात, असं पंतप्रधानांनी त्याच दिवशी सांगितलं.

त्याच सुमारास केंद्रीय सचिवालय सेवेतल्या अधिकाऱ्यांच्या मंचाने पंतप्रधान कार्यालयाकडे एक तक्रार नेली. विषय होता बैठकव्यवस्था. आजवर स्वतंत्र खोलीत बसणाऱ्या अवर सचिवांनाही आता खुल्या हॉलमध्ये टेबल मिळालं होतं. फोनवरचं बोलणं आजूबाजूला ऐकू जातं, गोपनीय प्रकरणं हाताळायची कशी आणि कामात लक्ष लागायचं कसं, असा मंचाचा सवाल होता.

ही सेवा मराठी घरांना परकी नाही. पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांत बसून स्टाफ सिलेक्शन कमिशनची सीजीएल परीक्षा देणाऱ्या मुलामुलींपैकी काही जण याच सेवेत 'असिस्टंट सेक्शन ऑफिसर' म्हणून दिल्ली गाठतात, आणि वर्षानुवर्षांनी अवर सचिव होतात. म्हणजे आपला चुलतभाऊ किंवा मावसबहीण कुठल्या टेबलावर बसते, याचीच ही गोष्ट.

अशी तक्रार ऐकली की पहिली प्रतिक्रिया हसण्याची असते. साहेबांना केबिन हवी! त्या हसण्यात तथ्यही आहे. दिल्लीच्या सरकारी जगात खोली ही हुद्द्याची खूण. गालिचा आहे की नाही, खिडक्या किती, खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल आहे का, यावरून माणसाची पायरी ओळखली जाते. हर्बर्ट बेकरने बांधलेल्या नॉर्थ आणि साउथ ब्लॉकचे लांबलचक व्हरांडे याच पायऱ्यांनी भरलेले होते. त्यामुळे भिंती पडल्या की थोडा अहंकार दुखावणारच, आणि तो दुखावला तर बिघडलं काय? पण फोन आणि फाइल यांबद्दलचा भाग अहंकाराचा नाही. तो कामाचा आहे आणि त्याच्या पाठीशी बरंच संशोधन उभं आहे.

आधी जुनी व्यवस्था कशी चालायची ते पाहू. सचिवालयातला 'सेक्शन' पूर्वीपासून हॉलमध्येच बसायचा. डीलिंग हँड म्हणजे प्रकरण हाताळणारे कारकून-सहायक ओळीने आणि त्यांच्यातच एका बाजूला सेक्शन ऑफिसर. टिपण खालून वर चढायचं. अवर सचिवापासून वर मात्र दार असायचं. मोठ्या साहेबांच्या दाराबाहेर शिपाई, अलीकडच्या खोलीत पीए, चौकटीवर लाल दिवा. दिवा लागला की आत जायचं नाही. आपण या साऱ्याला सरंजामी थाट म्हणतो, आणि तो होताही. पण त्या थाटाच्या आत एक उपयुक्त यंत्रणा दडलेली होती: कोण कधी आत येईल हे ठरवण्याचा अधिकार आत बसून विचार करणाऱ्याच्या हातात होता.

मग हॉलमधल्या सहायकांचं लक्ष कसं लागायचं? इथे एक मजेदार गोष्ट आहे. लक्ष उडवतो तो आवाजाचा मोठेपणा नव्हे, त्यातला अर्थ. मानसशास्त्रज्ञांनी हे पुन्हापुन्हा तपासलंय. आकडे लक्षात ठेवणं, मजकूर वाचणं, टिपण लिहिणं अशी कामं करताना शेजारी कळणारं बोलणं चालू असेल तर चुका वाढतात. एकसुरी घरघर असेल तर माणूस ती विसरून जातो. आपला मेंदू शब्द ऐकले की ते उलगडायला घेतोच, नको म्हटलं तरी. जुन्या सेक्शनमध्ये छताचे पंखे फिरत, उन्हाळ्यात खिडकीतला वाळ्याचा कूलर घुमत असे, टाइपरायटर खडखडत. त्या गोंगाटात दोन टेबलांपलीकडचं वाक्य विरघळून जायचं.

नव्या इमारतीत वातानुकूलन मध्यवर्ती आणि बहुतेक मुकं. कर्तव्य भवनाच्या काचा तर खास: इमारत थंड ठेवतात आणि बाहेरचा आवाज आत येऊ देत नाहीत, हे सरकारी माहितीपत्रकात अभिमानाने सांगितलंय. रस्त्यावरचा हॉर्न थांबला हे चांगलंच झालं. पण बाहेरचा आवाज जितका खाली जातो तितका आतला शब्द वर येतो. शांत हॉलमध्ये कुजबुजसुद्धा सहा टेबलं ओलांडते. त्यात हल्ली फॉल्स सीलिंग काढून पाइप आणि डक्ट उघडे ठेवायची फॅशन आली आहे, खाली गुळगुळीत टाइल्स, बाजूला काचेची पार्टिशनं. आवाज शोषून घेणारं काही उरतच नाही. म्हणूनच परदेशातली काही कार्यालयं छतातल्या स्पीकरमधून मुद्दाम मंद सूं-सूं सोडतात, शेजाऱ्याचे शब्द पुसट व्हावेत म्हणून. आपण पंखे काढले, आणि ते पंख्याचं काम करायला यंत्र विकत घेतात.

याहून वाईट आहे अर्धं बोलणं. लॉरेन एम्बरसन आणि तिच्या कॉर्नेलमधल्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना लक्ष एकवटण्याचं काम दिलं आणि ते करत असताना कधी दोघांचा पूर्ण संवाद ऐकवला, कधी एकाचंच भाषण, कधी फोनवरच्या संवादाची फक्त एक बाजू. काम सर्वांत जास्त घसरलं ते एक बाजू ऐकताना. पलीकडचा काय म्हणाला असेल, हे मन आपोआप जुळवत बसतं. आता कोविडनंतरचा हॉल डोळ्यांसमोर आणा. जो तो आपल्या टेबलावरून हेडफोन लावून व्हिडिओ मीटिंगमध्ये, आणि शेजाऱ्याला प्रत्येक मीटिंगची बरोबर अर्धी बाजू.

इथून गुरगावला जायला हवं, कारण दिल्लीच्या खासगी नोकरदाराचा हॉल तिथे घडला. १९९७ मध्ये जीई कॅपिटलने गुरगावात आपलं सेवाकेंद्र सुरू केलं. त्याचंच पुढे जेनपॅक्ट झालं. त्या उद्योगाला लागणारी जागा म्हणजे 'फ्लोअर'. ओळीने 'बे' म्हणजे टेबलांचे गट, डोक्यावर हेडसेट, मधून फिरणारा टीम लीडर. त्या कामाला हा आराखडा चपखल बसतो. प्रत्येक कॉल काही मिनिटांचा, पुढचं काम यंत्रच समोर टाकतं, अडलं तर टीम लीडर दोन पावलांवर. शिवाय सगळेच बोलत असल्यामुळे एकेक शब्द गर्दीत हरवतो.

गडबड पुढे झाली. गुरगावच्या सायबर सिटीत आणि नोएडाच्या सेक्टरांत विश्लेषक आले, संगणक-अभियंते आले, करार तपासणारे वकील आले, आणि त्यांनाही तोच फ्लोअर मिळाला. भाड्याचा हिशेब 'पर सीट' होतो. एका सीटमागची जागा जितकी कमी तितका वर्षाचा खर्च कमी, आणि तो आकडा ताळेबंदात लगेच दिसतो. तुटलेल्या तंद्रीचा आकडा कुठल्याच रकान्यात येत नाही. खुल्या हॉलच्या बाजूने 'सहकार्य', 'पारदर्शकता' असे कितीही शब्द वापरले जावोत, माझ्या मते नव्वद टक्के ठिकाणी खरं कारण भाडं हेच असतं. ते उघड सांगितलं तर निदान चर्चा प्रामाणिक होईल.

कारण सहकार्य वाढतं हेही खरं निघालेलं नाही. हार्वर्डच्या इथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी दोन मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या मुख्यालयांत भिंती काढण्याच्या आधी आणि नंतर मोजणी केली. कर्मचाऱ्यांच्या गळ्यात कोण कोणाशी समोरासमोर बोलतं हे टिपणारे बिल्ले होते. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आला: समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि त्याची जागा ईमेल व मेसेजनी घेतली. सगळे ऐकतायत म्हटल्यावर माणूस बोलायचं टाळतो. सिडनी विद्यापीठातल्या जंगसू किम आणि रिचर्ड डी डिअर यांनी २०१३ मध्ये ३०३ इमारतींतल्या ४२ हजारांहून अधिक उत्तरांचा अभ्यास मांडला. खुल्या हॉलमुळे भेटीगाठी सोप्या होतात, पण आवाज आणि एकांताचा अभाव यांचा तोटा त्याहून मोठा, असं त्यांना आढळलं.

गुरगावातल्या तरुणांनी यावर आपला तोडगा काढला आहे. कानांवर जाडजूड हेडफोन चढले की समजायचं, साहेब कामात आहेत. गाणं चालू असेलच असं नाही. जुन्या सचिवालयातला लाल दिवा असा प्रत्येकाच्या डोक्यावर येऊन बसला. फरक इतकाच की त्याचे पैसे नोकरदार स्वतःच्या खिशातून भरतो.

खुल्या हॉलची कल्पना मुळात अशी नव्हती, हेही सांगायला हवं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस हॅम्बुर्गजवळच्या श्नेले बंधूंनी टेबलांच्या सरळ रांगा मोडून, कागद कुठून कुठे जातो ते पाहून, झाडं आणि पडदे मधे घालून हॉल मांडला. अमेरिकेत हर्मन मिलर कंपनीच्या रॉबर्ट प्रॉप्स्टने १९६८ मध्ये हलवता येणारी पार्टिशनं आणली, ती माणसाला थोडा आडोसा मिळावा म्हणून. कंपन्यांनी त्यांचे चौकोनी डबे करून माणसं कोंबली; क्युबिकलचा जन्म हा असा. युरोपात मात्र पुढे वेगळं वळण लागलं. जर्मनी आणि उत्तर युरोपात कामाच्या जागेबद्दल बोलण्याचा हक्क कर्मचाऱ्यांना कायद्याने मिळाला, आणि त्यांनी खुले हॉल नाकारून पुष्कळ ठिकाणी एकेकट्या खोल्या परत मिळवल्या.

सचिवालयाच्या तक्रारीकडे मी याच नजरेने पाहतो. त्या अधिकाऱ्यांना मंच आहे, त्यांचं म्हणणं बातमी होतं. गुरगावच्या फ्लोअरवरच्या मुलीला मंच नाही. तिच्याकडे हेडफोन आहे, किंवा राजीनामा.

सगळं खापर भिंतींवर फोडणंही बरोबर नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्लोरिया मार्क गेली वीसेक वर्षं कार्यालयात माणसांच्या मागे बसून त्यांच्या कामाच्या नोंदी घेतायत. तुटलेल्या कामाकडे परत यायला लोकांना साधारण वीस-पंचवीस मिनिटं लागतात, मधे दुसरीच दोन कामं घुसतात, हे त्यांचं निरीक्षण सगळीकडे सांगितलं जातं. त्यांचं दुसरं निरीक्षण कमी सांगितलं जातं: जवळपास निम्मे व्यत्यय माणूस स्वतःच ओढवून घेतो. फोन उचलून बघतो, मेल उघडतो. आणि २००८ च्या त्यांच्या प्रयोगात ज्यांना मधेमधे अडवलं, त्यांनी काम उलट लवकर संपवलं. पण ताण, वैताग आणि घाई जास्त अनुभवली. म्हणजे उत्पादकतेचा तक्ता बघणाऱ्या साहेबाला सारं आलबेल दिसेल, आणि माणूस मात्र संध्याकाळी पिळून निघालेला असेल.

दिल्लीत या सगळ्यावर हवेचा एक थर चढतो. नोव्हेंबर आला की खिडक्या बंद, एअर प्युरिफायर चालू. प्युरिफायर धूळ धरतो, कार्बन डायऑक्साइड नाही. हार्वर्डच्या जोसेफ ॲलन यांच्या गटाने २०१५ मध्ये २४ जणांवर प्रयोग केला. हवेतलं कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दशलक्षात १,४०० भागांपर्यंत नेल्यावर निर्णयक्षमतेचे गुण स्वच्छ हवेतल्यापेक्षा निम्म्यावर आले. बंद मीटिंग रूममध्ये दहा जण तासभर बसले तर हे प्रमाण सहज गाठलं जातं. दुपारी तिसऱ्या मीटिंगमध्ये येणारी पेंग ही राजम्याची करणी, असं आपण समजतो. थोडी असेलही.

नेहरू प्लेसमधलं पहाडपूर बिझनेस सेंटर हवेवरच्या उपायासाठी प्रसिद्ध आहे. त्याचे प्रमुख कमल मीटल यांना दिल्लीची हवा सोसेना, म्हणून त्यांनी इमारतीतच हवा 'पिकवायची' ठरवलं: ५० हजार चौरस फूट जागा, ३०० माणसं आणि १,२०० झाडं, ॲरेका पाम, सापासारख्या उभ्या पानांचं सॅन्सेव्हेरिया आणि आपला मनीप्लांट. २००९ च्या गाजलेल्या भाषणात त्यांनी डोकेदुखी आणि डोळ्यांची जळजळ घटल्याचे, उत्पादकता २० टक्क्यांहून अधिक वाढल्याचे आकडे दिले. तेव्हापासून दिल्लीतल्या प्रत्येक कार्यालयाच्या कोपऱ्यात एक कुंडी आली. पण ड्रेक्सेल विद्यापीठाच्या ब्रायन कमिंग्ज आणि मायकेल वॉरिंग यांनी २०१९ मध्ये जुने प्रयोग एकत्र तपासले. उघड्या खिडकीइतका परिणाम साधायचा तर दर चौरस मीटरला किमान दहा आणि कदाचित हजार झाडं लागतील, असा त्यांचा हिशेब. पहाडपूरमध्ये बाहेरची हवा पाण्याच्या फवाऱ्यातून धुऊन आत घेण्याची यंत्रणाही आहे. मला वाटतं, खरं श्रेय तिचं. कुंडी ठेवा, डोळ्यांना बरं वाटतं. फुप्फुसांसाठी एसीवाल्याला बोलावून ताजी हवा किती आत येते ते विचारा.

कर्तव्य भवनाच्या ज्या इमारती अजून उभ्या राहायच्या आहेत, त्यांत कुठे भिंत घालायची ते ठरवता येईल. सेक्शनला हॉल द्यावा. त्याचं काम परस्परांना विचारत चालतं. पण छताला आवाज शोषणाऱ्या टाइल्स हव्यात, आणि दर वीस टेबलांमागे फोनवर बोलायला दोन बंद खोल्या. अवर सचिवाला दार परत द्यावं, गालिचा आणि टॉवेल दिला नाही तरी चालेल. तोच नियम गुरगावातल्या करार वाचणाऱ्या वकिलाला आणि पुण्याच्या हिंजवडीतल्या प्रोग्रॅमरलाही लावावा.

तुमच्या कार्यालयात परिस्थिती काय आहे हे तपासायला यंत्र लागत नाही. सहकाऱ्याला त्याच्या टेबलावर बसून नेहमीच्या आवाजात वर्तमानपत्र वाचायला सांगा आणि एकेक टेबल मागे सरकत जा. जिथे शब्द कळेनासे होतात तिथे थांबा आणि मधली टेबलं मोजा. तो आकडा पुढच्या वेळी जागेचा आराखडा करणाऱ्यांसमोर ठेवा.